रेडी, तयार आणि मधली गल्लत: वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पूर्व भागात संध्याकाळी सात ते नऊ मी इंग्रजी बोलायला शिकवते. यंत्रमागावरून सुटून आलेली पोरं असतात, युनिफॉर्म शिवणाऱ्या बायका असतात, एखाद-दुसऱ्या टॉवेलवाल्याचा मुलगा असतो. दरवर्षी एक तरी निवृत्त काका येतात, ज्यांना परदेशातल्या नातवाशी त्याच्याच भाषेत बोलायचं असतं. 'रेडी' हा शब्द पहिल्या दिवसापासून सगळ्यांना येत असतो. जो शब्द येतो असं वाटतं तो कुणी तपासून बघत नाही, त्यामुळे या दोन अक्षरांच्या प्रश्नांनी माझी एक वही भरली आहे. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

रेडी म्हणजे तयार. यात विचारण्यासारखं काय आहे?

रेडी म्हणजे आत्ता, या घडीला सुरू करता येईल, निघता येईल किंवा वापरता येईल अशा स्थितीत असलेला. या व्याख्येतला 'आत्ता' फार महत्त्वाचा. इंग्रजीतला रेडी फक्त स्थिती सांगतो. आपला 'तयार' स्थिती सांगतो, वस्तू घडण्याची क्रिया सांगतो, फळाचं पिकणं सांगतो आणि माणसाचा बेरकीपणाही सांगतो. म्हणजे रेडी आला की मराठीत बहुतेक वेळा 'तयार' चालून जातो, पण उलट्या दिशेने जाताना ठेच लागते.

मग कुठला 'तयार' रेडी होत नाही?

सगळ्यात मोठी चूक वस्तू बनण्याची. 'सोलापुरात चादरी तयार होतात' याचं इंग्रजी वर्गातले निम्मे लोक 'चादर्स आर रेडी इन सोलापूर' असं करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, माल बांधून ठेवलाय, टेम्पो घेऊन या. इथे 'मेड' हवं. उसापासून साखर तयार होते, तिथेही 'मेड'. मी एक साधी कसोटी देते: 'तयार होतो' काढून तिथे 'बनतो' घालून बघा. वाक्य तसंच उभं राहिलं तर रेडीला हात लावू नका.

आंबा तयार झाला, म्हणजे पिकला. त्याला 'राइप'. ज्वारीचं मात्र थोडं वेगळं आहे. मंगळवेढ्याकडचा शेतकरी 'ज्वारी तयार झाली' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात काढणी असते, म्हणून 'रेडी फॉर हार्वेस्ट' चालतं. नुसतं 'ज्वारी इज रेडी' म्हटलंत तर समोरचा भाकरीची वाट बघत बसेल.

गाणाऱ्याचा गळा तयार असतो, तो 'ट्रेन्ड'. आणि आपल्याकडे 'पोरगं लई तयार आहे' म्हणतात ते तर पार वेगळं प्रकरण. एका ताईंनी आपल्या पुतण्याबद्दल लिहून आणलं होतं, 'माय नेफ्यू इज व्हेरी रेडी.' मी विचारलं, कशाला रेडी? त्या म्हणाल्या, "कशालाही ओ मॅडम, त्याला काही सांगायची गरजच नाही." तिथे कौतुक असेल तर 'शार्प' आणि तक्रार असेल तर 'कनिंग'. ताईंनी बराच विचार करून दोन्ही लिहिलं.

आवरण्याच्या अर्थाचा 'तयार होणे' मात्र बिनधास्त रेडी होतो. 'ती तयार होतेय' म्हणजे 'शी इज गेटिंग रेडी'. लग्नघरात हे वाक्य तासभर खरं असतं.

'माल रेडी आहे' असं गिऱ्हाइकाला कळवलं तर चालेल ना?

चालेल, पण कशासाठी रेडी ते लिहा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते, आणि चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका टॉवेलवाल्यांची इंग्रजी पत्रं मी लिहून देत असे. त्यांनी फोनवर सांगितलं, "दहा तारखेला माल तयार होतोय, कळवून टाका." मी लिहिलं, 'द गुड्स विल बी रेडी बाय द टेन्थ.' दहा तारखेला सकाळी परगावहून गाडी दारात हजर. आणि आत? टॉवेल मागावरून उतरले होते, एवढंच. अजून धुलाई-रंगाई व्हायची होती. त्यानंतर थान कापायचं, चारी कडा दुमडून शिवायच्या, धागे कातरायचे, लेबल लावायचं, डझनाचे गठ्ठे करायचे. टॉवेलवाल्यांच्या 'तयार'चा अर्थ विणून झाला असा होता. गिऱ्हाइकाच्या 'रेडी'चा अर्थ उचलून न्यायचा. माझ्या एका शब्दापायी ड्रायव्हर दोन दिवस कारखान्याच्या दारात शेंगाची चटणी अन् भाकरी खात बसला होता. जेवण आवडलं त्याला, पण गाडी खोळंबल्याचे पैसे टॉवेलवाल्यांच्या गळ्यात पडले.

तेव्हापासून मी 'रेडी'पुढे काहीतरी लिहिल्याशिवाय पत्र सोडत नाही. रेडी फॉर डाइंग, रेडी फॉर स्टिचिंग, रेडी फॉर डिस्पॅच. विणकराचं काम जिथे संपतं तिथे रंगाऱ्याचं सुरू होतं, तेव्हा एकाच टॉवेलला तीन वेळा रेडी म्हणता येतं आणि तिन्ही वेळा ते खरं असतं.

जाता जाता: 'बाय द टेन्थ' म्हणजे दहा तारखेपर्यंत, जास्तीत जास्त दहाला. 'दहानंतर कधीतरी' हा अर्थ त्यात नाही, आपल्या बाजारात कितीही रूढ असला तरी.

पुढे 'टू' लावायचं की 'फॉर'?

क्रियापद आलं तर टू, नाम आलं तर फॉर. रेडी टू ईट, रेडी फॉर डिनर. रेडी टू लीव्ह, रेडी फॉर द जर्नी. हातात काहीतरी घेऊन बसला असाल तर 'विथ': रेडी विथ द बिल. 'रेडी ऑफ' असं काही नसतं.

'गाडी सुटायच्या तयारीत आहे' हे कसं म्हणायचं?

हुतात्मा एक्स्प्रेस फलाटावर उभी आहे, सिग्नल पडलाय, तुम्ही जिन्यावरून पळताय. 'द ट्रेन इज अबाउट टू लीव्ह.' इथे 'रेडी टू लीव्ह' म्हटलं तर चुकत नाही, पण त्यात घाई नाही. ते वाक्य गार्डच्या तोंडी शोभेल, पळणाऱ्याच्या नाही.

गंमत अशी की बोलीभाषेत इंग्रज माणूसही रेडीचा असा वापर करतो, पण तो बहुधा शरीराच्या आणि मनाच्या टोकाच्या अवस्थांसाठी. 'आय वॉज रेडी टू ड्रॉप' म्हणजे दमून कोसळायच्या बेतात होतो. 'आय वॉज रेडी टू क्राय', आता रडू फुटणारच होतं. हा वापर ऐकू आला की 'रडायला तयार होता' असं भाषांतर करू नका. रडायची तयारी करून कुणी बसत नसतं.

रेडी आणि प्रिपेअर्ड यांत फरक काय?

हा प्रश्न आला की मी सोलापूरच्या गड्डा यात्रेकडे वळते. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज. ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलून, तोल सांभाळत चालायचं म्हणजे गंमत नाही. यात्रेच्या आधी कितीतरी दिवस संध्याकाळी सराव चालतो, रस्त्यात आपली दुचाकी थांबते तेव्हा आपल्याला कळतं. त्या सरावामुळे मानकरी 'प्रिपेअर्ड' होतो. यात्रेच्या दिवशी पांढरी बाराबंदी घातली, पट्टा आवळला, काठीला हात लावून पुढच्याच्या इशाऱ्याकडे डोळे लावले, की तो 'रेडी'.

प्रिपेअर्डच्या मागे घालवलेला वेळ असतो. रेडीला मागचं काही विचारत नाहीत, आत्ता विचारतात. म्हणून माणूस प्रिपेअर्ड असून रेडी नसू शकतो: सगळा अभ्यास झालाय, पण हॉल तिकीट घरी राहिलं. उलटही होतं. चप्पल घालून दारात उभा आहे, निघायला रेडी, आणि कुठे जायचंय तेच माहीत नाही.

स्काउटचं ब्रीद 'बी प्रिपेअर्ड' आहे, त्यात रेडी का नाही, असं एका शिक्षक विद्यार्थ्याने विचारलं होतं. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं आणि पुढच्या वर्षी पुस्तक काढलं. ब्रीदाची आद्याक्षरं 'बी' आणि 'पी' म्हणजे त्यांच्या आडनावाचीच, आणि ब्रीद त्यावरूनच घेतल्याचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. पण शब्दही बरोबर आहे, कारण स्काउटने आधी शिकून ठेवायचं असतं: गाठी, प्रथमोपचार, दिशा ओळखणं. मजा म्हणजे या ब्रीदाचा अर्थ समजावताना त्यांना मनाची नि शरीराची 'रेडीनेस' हाच शब्द घ्यावा लागला.

मुलाखतीत 'आर यू रेडी टू रिलोकेट?' विचारलं तर काय म्हणायचं?

सोलापूरच्या पोरांना हा प्रश्न हमखास येतो, कारण नोकरी पुण्यात किंवा हैदराबादेत असते. मुलाखत घेणारे विचारतात 'रेडी', पण त्यांना बहुतेक वेळा कळून घ्यायचं असतं 'विलिंग': तुमची इच्छा आहे का, कुरकुर करणार नाही ना? मराठीत 'माझी तयारी आहे' यात दोन्ही एकत्र येतं. इंग्रजीत ते सुटं करून सांगता आलं तर छाप पडते. 'येस, आय ॲम विलिंग टू रिलोकेट, अँड आय कॅन बी रेडी इन टू वीक्स.' इच्छा आहे, आणि दोन आठवड्यांत बॅग भरून येतो. नुसतं 'आय ॲम रेडी, सर' म्हणणारा उद्याच येणार असं समजलं जातं, आणि मग घरी आईला काय सांगायचं हा प्रश्न उरतो.

नोकरीच्या कागदांत 'प्रिपेअर्ड टू' दिसलं तर तेही इच्छेचंच आहे, तयारीचं नव्हे. 'वी आर नॉट प्रिपेअर्ड टू पे मोअर' याचा अर्थ 'आमची जास्त द्यायची तयारी झालेली नाही' असा नाही. द्यायचे नाहीत, विषय संपला.

ऑलरेडी आणि ऑल रेडी?

मूळ एकच, 'ऑल' आणि 'रेडी' जुळून झालेला शब्द. आज मात्र संसार वेगळे. ऑलरेडी म्हणजे आधीच, ऑल रेडी म्हणजे सगळे तयार. 'दे आर ऑलरेडी हिअर', ते आधीच आलेत. 'दे आर ऑल रेडी', ते सगळे तयार आहेत. बोलताना कान फसतो, लिहिताना फसायचं कारण नाही.

'ऑलरेडी' मराठीत इतका मुरलाय की 'मी ऑलरेडी जेवलोय' हे वाक्य आता कुणाला खटकत नाही. मला अजून खटकतं. 'आधीच'मध्ये काय कमी आहे?

उच्चार 'रेडी' की 'रीडी'?

रेडी. 'ए' आखूड, ब्रेड, हेड आणि स्टेडी यांच्या पंगतीतला. 'रीडी' हा वेगळा शब्द आहे, बोरूच्या काडीसारखा, बारीक किनऱ्या आवाजाचा. 'आय ॲम रीडी' असं म्हणालात तर स्वतःच्या आवाजाची तक्रार केल्यासारखं होईल.

हा शब्द आला कुठून?

या प्रश्नावर माझा अर्धा तास जातो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

रेडी हा इंग्रजीचा घरचाच, जर्मानिक कुळातला. जर्मन भाषेतला 'बेराइट' हा त्याचा भाऊ, अर्थही तोच. अभ्यासक त्याचं नातं 'राइड' आणि 'रोड' यांच्या धातूशी जोडतात. म्हणजे मुळात स्वार व्हायच्या, वाटेला लागायच्या बेतात असलेला.

आता आपला 'तयार' बघा. तो फारसीच्या वाटेने आला, मूळ अरबी. अरबीत 'तैर' म्हणजे पक्षी आणि 'तय्यार' म्हणजे उडणारा, आजच्या अरबीत तर वैमानिकालाच तय्यार म्हणतात. शिकारी ससाणा पाळणाऱ्यांच्या बोलीतून 'उडायला सिद्ध' असा अर्थ त्याला चिकटला, असं कोशकार सांगतात. पंख भरून आलेला, हातावरून सोडता येईल असा पक्षी. आंबा तयार होतो, गळा तयार होतो, पोरगं तयार होतं, या सगळ्यांत मला तोच पक्षी दिसतो, हळूहळू भरत जाणारा. इंग्रजाच्या शब्दात निघायची घडी आहे आणि आपल्या शब्दात पंख फुटण्याचा काळही आहे, असं मी वर्गात सांगते. हे माझं वाचन, व्युत्पत्तिकारांचं नाही.

संस्कृतातून आलेले शब्द थेट रणांगणावरचे. 'सज्ज' हा 'सज्य'शी जोडतात: 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी, आणि ती चढवलेलं धनुष्य ते 'सज्य'. 'सन्नद्ध' म्हणजे बांधलेला, अंगावर चिलखत आवळलेला. 'निवडणुकीसाठी प्रशासन सज्ज' अशी बातमी वाचली की मला खुर्चीत बसलेले धनुर्धारी दिसतात.

इतिहासात 'अनरेडी' नावाचा राजा होता म्हणे, तो बेसावध होता का?

एथेलरेड, इंग्लंडचा राजा. ९७८ मध्ये गादीवर आला, १०१६ मध्ये वारला, मधे काही महिने राज्य डेन्मार्कच्या स्वेनने हिसकावलं होतं. पुस्तकांत त्याला 'एथेलरेड द अनरेडी' म्हणतात आणि मुलं समजतात की डेन चालून आले तेव्हा हा गाफील होता. पण या 'अनरेडी'चा आपल्या रेडीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'रेड' म्हणजे सल्ला. एथेलरेड म्हणजे उदात्त सल्ल्याचा, आणि 'अनरेड' म्हणजे वाईट सल्ल्याचा. नावावरच केलेली कोटी होती ती. जुना 'रेड' लोक विसरले तसा अर्थ घसरला आणि बिचारा कायमचा बिनतयारीचा ठरला.

रेडीमेड बरोबर की रेडिमेड?

मराठी पाटीवर दोन्ही दिसतात, भांडू नका. अर्थ आधीच शिवलेलं किंवा बनवलेलं, मापाने करून घेतलेल्याच्या उलट. सोलापुरात शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा मोठा, त्यामुळे आपल्याकडे 'रेडिमेड' हे विशेषण राहिलं नाही, व्यवसायाचं नाव झालं: "काय करतो तुमचा जावई?" "रेडिमेडमध्ये आहे." परगावच्या माणसाला हे कळत नाही. इंग्रजीत सांगताना 'ही इज इन द गार्मेंट बिझनेस' म्हणा.

रेडी रेकनरमध्ये रेडी काय असतं?

हिशेब. 'रेकन' म्हणजे मोजणं. आकडेमोड आधीच करून कोष्टकात मांडलेलं पुस्तक म्हणजे रेडी रेकनर, यंत्रं नव्हती तेव्हा दुकानदाराच्या गल्ल्याजवळ असायचं. आपल्याकडे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यांना हे नाव चिकटलं. करारातली रक्कम आणि या दराने येणारी किंमत, यांतली जी जास्त त्यावर मुद्रांक शुल्क बसतं. बाजारभाव वेगळा असू शकतो, तो यात रेडी नसतो.

जाहिरातीतलं 'रेडी पझेशन' कितपत रेडी?

शब्दाचा अर्थ 'ताबा लगेच'. पण घराच्या बाबतीत रेडी ठरवणारा कागद भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असताना घेतलं तर १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराला १ टक्का, इतरांना ५ टक्के. रंग मारलाय, नळाला पाणी आहे, म्हणून रेडी समजू नका. टॉवेलवाल्यांची गाडी आठवा.

रेडीनेसला मराठीत काय म्हणावं?

संदर्भ बघून. आपत्ती किंवा सैन्याबद्दल असेल तर सज्जता. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या 'स्कूल रेडीनेस'ला शिक्षण विभागाने 'शाळा पूर्वतयारी' केलं, त्याचे मेळावेही भरतात, आणि हा शब्द मला मुळापेक्षा सरस वाटतो. शास्त्रज्ञ तंत्रज्ञानाची रेडीनेस १ ते ९ पायऱ्यांत मोजतात, ही पद्धत नासाची. तिथे 'परिपक्वता' जवळचा वाटतो, कारण कल्पनेपासून प्रत्यक्ष वापरापर्यंतचं पिकणंच मोजलेलं असतं. आंबा परत आलाच बघा.

रेडी मनी, रेडी विट, रेडीली?

रोख पैसे. हजरजबाबीपणा. चटकन किंवा खुशीने. 'शी रेडीली अग्रीड' म्हणजे आढेवेढे न घेता हो म्हणाली.

मॅडम, आम्ही घरात तेलुगू बोलतो, कारखान्यात कानडी अन् हिंदी. रेडी तर सगळीकडे रेडीच आहे की ओ?

आहे खरं. सकाळी गल्लीत रिक्षा थांबते आणि हॉर्न वाजतो. एका घरासमोर 'रेडीना?' ही तेलुगू असते, पुढच्या घरासमोरचं 'रेडिना?' कानडी. कोपऱ्यावर दखनीत 'रेडी हुए क्या?' आणि माझ्या दारात 'रेडी का ओ?' चारही घरांतून उत्तर एकच येतं, 'रेडी, रेडी!' आणि त्यानंतर पाच मिनिटं कुणी बाहेर येत नाही. त्याचं इंग्रजी 'ऑलमोस्ट रेडी'.